आवाजाला टोपणनाव नसते

1924 साली कलकत्त्याच्या ‘मतवाला’त पांडेय बेचन शर्मा ‘उग्र’ यांची ‘चॉकलेट’ ही पुरुषांच्या परस्पर आकर्षणावरची कथा आली. 1927 मध्ये त्याच नावाचा संग्रह निघाला. बनारसीदास चतुर्वेदींनी अशा लेखनाला ‘घासलेटी साहित्य’ म्हणत मोहीमच उघडली. घासलेट म्हणजे आपले रॉकेल. तेव्हा नाराजीचा वास कळायला अनुवाद नको.

पुढे उत्तर भारतातल्या रेल्वे फलाटांवर ‘मस्तराम’ या नावाची पिवळी पुस्तके खपली. मस्तराम कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हते आणि लिहिणाऱ्याला तेच हवे होते. मात्र पुस्तक गादीखाली सापडायचे.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि कथा कानात शिरली. 2018 मध्ये सुरू झालेल्या पॉकेट एफएम आणि कुकू एफएम यांच्या हिंदी मालिकांत भर प्रेम, सूड, घराणी यांवर. उघड कामुक कथा त्यांच्या कडेकडेने, एखाद्या स्थिर चित्रामागे आवाज लावून फिरतात. या दोन्हींची गल्लत करू नये.

अशा बऱ्याच कथा मी वही घेऊन ऐकल्या. (घरच्यांना वाटे, मी भजने ऐकतो.) मजकुराचा साचा मस्तरामचाच: ‘मी’, शेजार, रिकामे घर, पाऊस. पण छापील शिवराळ शब्द मोठ्याने उच्चारला की तो नुसती शिवी होतो. म्हणून तिथे उपमा येते, थांबणे येते, श्वास येतो. भाषा सभ्य झाली असे नव्हे; तिचे निम्मे काम गळ्याकडे गेले.

हा गळा बहुधा बाईचा, आणि मजकूर मात्र पुरुषाच्या नजरेचा. माझ्या लेखी या प्रकारातली खरी जोखीम इथेच आहे. लेखकाला टोपणनाव झाकते, पण आवाज दीर ओळखतो, शेजारीण ओळखते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 नुसार अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रकाशित वा प्रसारित केल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे तक्रार करायची वेळ आली, मानधन बुडाले, तरी ती बाई कुठल्या तोंडाने पोलिसांत जाणार?

अलीकडे काही कथा यंत्राच्या आवाजात येतात. या आवाजाला दीर नाही, मानधनही नाही. उसासा मात्र तो गाडीच्या वेळा सांगाव्यात तसा टाकतो.