एकाच तारेतून नेट आणि वीजही

सभागृहातले नेट बंद आहे, हे आपल्याला नेहमी ऑनलाइन व्याख्यानाच्या ऐन वेळी कळते. म्हणून आम्ही माळ्यावर रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक पाळतीला बसवला आहे. तिथे प्लग नाही. वीज इथरनेटच्या तारेतूनच येते. याला पीओई म्हणतात. स्विच आधी पलीकडचे यंत्र तपासतो, मगच सुमारे ४८ व्होल्ट सोडतो. संगणकावरची हॅट त्याचे ५ व्होल्ट करते. ८०२.३एएफ मानकात यंत्राला १२.९५ वॅटपर्यंत वीज मिळते, तार १०० मीटरपर्यंत चालते. नेट चालू असून संगणक अडकला, तर शिडी नको. स्विचचे ते पोर्ट घरूनच बंद-चालू करायचे. मात्र स्विच बंद पडला, तर आपला पहारेकरीही गप्प! म्हणून तो बाहेरच्या सर्व्हरला दर पाच मिनिटांनी हजेरी देतो. हजेरी चुकली, की आम्हाला निरोप येतो.