आगोटीपूर्वी करावी कागदांची पेटी

महाड-पोलादपूरकडे मे महिना उजाडला की आगोटीची गडबड सुरू होते. कौले परतायची, सरपण आत घ्यायचे, मीठ-मिरची आणि सुकी मासळी भरून ठेवायची. या बेगमीत आणखी एका वस्तूची भर घालावी, ती म्हणजे घरच्या कागदपत्रांची लाकडी पेटी.

तसे कारणही आहे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी महाडच्या घरादारांत शिरले. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडी आल्या. त्याआधी जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई या गावांनी असाच घाला सोसला होता. सातबारा आज संगणकावरून पुन्हा काढता येतो. परंतु आजोबांच्या सहीचे जुने कागद आणि लग्नातला फोटो गेला तो गेलाच.

पेटी हलकी हवी

आजीचा सागवानी पेटारा भक्कम खरा, पण हलवायला दोन गडी लागत. ही पेटी घरातल्या कोणालाही एकट्याने उचलता आली पाहिजे. त्यासाठी शिवणीचे लाकूड उत्तम. ते हलके असते, रंध्याला सोपे जाते आणि फारसे वाकत नाही. फणसही चालेल, पण वजन वाढेल. जुन्या दाराच्या किंवा वादळात पडलेल्या झाडाच्या फळ्या असतील तर त्याच वापराव्यात. उभा फणस, आंबा किंवा साग तोडायचा झाल्यास, झाड आपल्या मालकीचे असले तरी, १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते.

माप आणि जोडणी

बाहेरून लांबी १७ इंच, रुंदी १२ इंच, उंची ७ इंच ठेवावी. फळी चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाची. शिवणीची अशी रिकामी पेटी सुमारे तीन-साडेतीन किलो भरते. ओल्या फळ्या लगेच वापरू नयेत. मध्ये पट्ट्या घालून त्या सावलीत रचाव्यात व पुरत्या वाळू द्याव्यात.

कोपऱ्यांना दोन्ही फळ्यांत सारखे दात कापून, बोटांत बोटे गुंतवावीत तसे बसवावेत व सरस किंवा फेविकॉल लावावा. तळाची फळी दोन सुती घ्यावी आणि खिळ्यांनी न ठोकता बाजूंच्या खाचेत सरकवावी. तिथे सरस लावू नये आणि रुंदीच्या दोन्ही कडांना एकेक सूत मोकळीक ठेवावी. कोकणच्या पावसात लाकूड रुंदीत फुगते. जागा मिळाली नाही तर सांधे उलतात. झाकणाच्या आतल्या आडव्या पट्ट्याही मध्यभागी घट्ट व कडेला किंचित लांबट भोकांतून स्क्रूने बसवाव्यात. स्क्रू व बिजागऱ्या पितळी घ्याव्यात, लोखंड गंजते. दोन्ही बाजूंना धरायला जाड दोरी ओवावी.

बाहेरून जवसाच्या तेलाचे दोन हात द्यावेत. आतून तेल नको, कागदांना डाग पडतात. तेलाची चिंधी मात्र चुरगाळून टाकू नये, ती आपोआप पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवावी.

एवढे ध्यानात ठेवावे

लाकडी पेटी पाणी अडवीत नाही. म्हणून कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधूनच आत ठेवावेत. पावसाळाभर पेटीची जागा दाराजवळच्या उंच फळीवर असावी आणि ती घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असावी.

गाव सोडण्याची सूचना आली की पेटी हाताशी असेल तर उचलावी. एकदा बाहेर पडल्यावर मात्र तिच्यासाठी कोणीही मागे फिरू नये. पेटी पुन्हा करता येते, माणूस नाही.