स्तनरोपण
स्तनरोपण ही स्तनाचा आकार वाढवण्यासाठी, किंवा कर्करोगामुळे स्तन काढल्यावर तो पुन्हा घडवण्यासाठी केली जाणारी शस्त्रक्रिया होय. सिलिकॉनचे रोपण प्रथम १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे वापरले गेले.

रोपण छातीच्या स्नायूखाली ठेवल्यास त्याच्या कडा कमी जाणवतात; मात्र वेदना अधिक होतात व स्नायू आकुंचन पावताना आकार बदलतो. स्नायूवर ठेवल्यास हे टळते, पण वरची त्वचा सुदृढ असावी लागते. किरणोपचारामुळे रोपणाभोवतीचे आवरण आकसून कठीण होण्याचा धोका वाढतो. तेव्हा पाठीच्या वा पोटाच्या ऊतींचा पर्याय असतो.

धाराशिव जिल्ह्यातील भूम व परांडा हे तालुके बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीच्या क्षेत्रात येतात. तेथील स्त्रियांत स्तनाचा कर्करोग प्रमुख कर्करोगांपैकी एक आहे. पुनर्रचना ऐच्छिक असून ती नंतरही करता येते.