तीन लेफ्टनंट आणि एक जाहीरनामा

ऑगस्ट १९३१ मध्ये तुर्कस्तानात हद्दपारीत बसलेल्या ट्रॉट्स्कीने जर्मन कम्युनिस्टांची खरडपट्टी काढणारा एक लेख लिहिला. तुमचे हे नवे राष्ट्रवादी सोबती क्रांतीकडे कैसरच्या युद्धाचाच पुढचा अंक म्हणून पाहतात, असा त्याच्या टीकेचा रोख होता. या सोबत्यांत त्याने शेरिंगर नावाच्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याला धरलं होतं. हा शेरिंगर कोण, हा प्रश्न तो लेख वाचल्यापासून माझ्या मागे लागला आणि त्याने कित्येक वर्षं पिच्छा सोडला नाही. हिटलरच्या उदयावरच्या जाडजूड ग्रंथांत हा माणूस एखाद्या परिच्छेदापुरता येतो आणि नाहीसा होतो. पण राष्ट्रवादाकडे झुकलेला कामगार आपल्याकडे वळवायला निघालेल्या कम्युनिस्ट पक्षाचं काय होतं, हे समजून घ्यायचं तर त्याच्यासारखा दुसरा साक्षीदार नाही.

हा मोह १९३० चा नव्हे, त्याआधीचा. व्हर्सायच्या तहाने जर्मनीचं नाक कापलं होतं आणि कारखान्यातला कामगारही त्या अपमानाने जळत होता. १९१९ मध्येच हॅम्बुर्गच्या लाउफेनबर्ग आणि वोल्फहाइम या दोघांनी मांडलं की मित्रराष्ट्रांविरुद्ध कामगार आणि देशी भांडवलदार यांनी काही काळ एक व्हावं. लेनिनने १९२० मध्ये या ‘राष्ट्रीय बोल्शेव्हिकां’ना जाहीरपणे झापलं. तरीही तीनच वर्षांनी, फ्रेंच फौजा रूहरच्या खाणी ताब्यात घेऊन बसल्या असताना, हाच सूर खुद्द मॉस्कोत ऐकू आला. आल्बर्ट लेओ श्लागेटर या फ्रायकोर म्हणजे स्वयंसेवी निमलष्करी पथकातल्या सैनिकाला रेल्वे उडवल्याच्या आरोपावरून फ्रेंचांनी २६ मे १९२३ रोजी ड्युसेलडॉर्फजवळ गोळ्या घातल्या. महिना उलटायच्या आत कार्ल राडेकने कॉमिन्टर्न या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेच्या बैठकीत त्याच्यावर भाषण केलं. हा माणूस चुकीच्या बाजूने लढला, पण निष्ठेने लढला. त्याच्यासारख्यांना शून्याच्या वाटेवर एकटं सोडू नका, असा त्याचा आशय होता. राडेक लेम्बर्गचा ज्यू. जर्मन राष्ट्रवाद्यांच्या हुतात्म्याला एका ज्यू बोल्शेव्हिकाने वाहिलेली ही श्रद्धांजली त्या काळातल्या विलक्षण भाषणांपैकी एक आहे. पुढे ‘रोटे फाने’ या पक्षपत्रात कट्टर राष्ट्रवादी काउंट रेव्हेंटलोचे लेखही छापून आले. उन्हाळा संपता संपता ते प्रकरण थंडावलं.

सात वर्षांनी ते पुन्हा पेटलं, आणि या खेपेला भाषणापुरतं राहिलं नाही, पक्षाचा कार्यक्रमच झालं. २४ ऑगस्ट १९३० रोजी ‘रोटे फाने’त ‘जर्मन जनतेच्या राष्ट्रीय आणि सामाजिक मुक्तीचा’ जाहीरनामा प्रसिद्ध झाला. निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती. व्हर्सायचा तह ही लुटारूंची शांतता आहे, सत्ता आली की ती फाडू, युद्धखंडणीच्या यंग योजनेचा एक पैसाही भरणार नाही, अशी त्यातली वचनं होती. सोशल डेमोक्रॅट हे फ्रेंच आणि पोलिश साम्राज्यवादाचे हस्तक ठरवले होते. मला सर्वांत गमतीचा वाटतो तो हिटलरवरचा आरोप. इटलीच्या ताब्यातल्या दक्षिण टायरोलमधल्या जर्मनांना मुसोलिनीच्या मर्जीसाठी याने वाऱ्यावर सोडलं, असा तो आहे. म्हणजे हिटलर राष्ट्रवादी आहे ही तक्रारच नव्हती; तो पुरेसा राष्ट्रवादी नाही, अशी होती! एकदा वाद या पट्टीवर आणला की शर्यत कुणाच्या मैदानावर होणार हे ठरून जातं. मतमोजणीत कम्युनिस्टांच्या जागा ५४ वरून ७७ झाल्या. पक्षाने आनंद साजरा केला. नाझी १२ वरून १०७ वर गेले.

निवडणुकीनंतर नऊच दिवसांनी लाइपझिगच्या सर्वोच्च न्यायालयात एक खटला उभा राहिला. उल्मच्या तोफखाना पलटणीतले तीन तरुण अधिकारी, रिचर्ड शेरिंगर, हान्स लुडिन आणि हान्स फ्रीडरिश वेंट, राजद्रोहाच्या आरोपाखाली पिंजऱ्यात होते. राष्ट्रवाद्यांचा उठाव झाला तर सैन्याने त्यांच्यावर गोळी चालवू नये, म्हणून त्यांनी इतर पलटणींतल्या अधिकाऱ्यांशी नाझींच्या बाजूने संधान बांधायचा प्रयत्न केला होता. त्यांचा कमांडर लुडविग बेक याने आपल्या पोरांच्या बाजूने साक्ष दिली. हिटलरला मारण्याच्या १९४४ च्या कटात ज्याचा जीव गेला, तोच हा बेक. बचावाचा वकील हान्स फ्रांक; तो पुढे व्याप्त पोलंडचा गव्हर्नर झाला आणि न्यूरेंबर्गला फासावर गेला. फ्रांकने साक्षीला बोलावलं हिटलरला.

२५ सप्टेंबर १९३० ची ही साक्ष इतिहासाच्या पुस्तकांत असते. आम्ही सत्तेवर येणार ते कायद्याच्या वाटेनेच, असं हिटलरने शपथेवर सांगितलं. सत्ता आल्यावर मात्र मुंडकी उडतील, ही पुस्तीही जोडली. सेनापतींना आणि उद्योगपतींना हवं ते ऐकायला मिळालं. पिंजऱ्यातल्या तिघांनी काय ऐकलं, याची चौकशी फारशी कुणी करत नाही. ज्याच्या क्रांतीसाठी त्यांनी नोकरी आणि इभ्रत पणाला लावली, त्यानेच भर कोर्टात आपला आणि उठावाचा काही संबंध नाही म्हणून हात झटकले होते. तिघांना दीड-दीड वर्षाची किल्ल्यातली कैद झाली.

शेरिंगर १९०४ मध्ये आखेनला जन्मला आणि ऱ्हाइनकाठ परकीय फौजांच्या टाचेखाली असताना वाढला. राष्ट्रीय अपमान त्याने अंगावर झेललेला होता. पोमेरानियातल्या गोलनोव्हच्या किल्ल्यात त्याची गाठ कम्युनिस्ट राजकीय कैद्यांशी पडली. किल्ल्यातली कैद ही सन्मानाची कैद. पुस्तकं मिळत, वाद घालता येत, रजाही मिळे. अशा एका रजेत तो नाझी पुढाऱ्यांना भेटून आला. पक्षाच्या कार्यक्रमातल्या ‘व्याजाची गुलामगिरी’ मोडण्याच्या कलमाचं पुढे काय होणार, हा त्याचा साधा प्रश्न होता. आठवणींत तो लिहितो त्यावरून त्याच्या पदरात पडली ती टोलवाटोलवी. कार्यक्रम खरा मानणाऱ्या कार्यकर्त्याची अशी पंचाईत कोणत्याही पक्षात होते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मार्च १९३१ मध्ये कम्युनिस्ट खासदार हान्स किपेनबर्गर राइखस्टागमध्ये उभा राहिला आणि त्याने शेरिंगरचं निवेदन वाचून दाखवलं. किपेनबर्गर नुसता खासदार नव्हता. पक्षाची गुप्त लष्करी यंत्रणा त्याच्या हातात होती. निवेदन आखूड आणि शिपाईगडी थाटाचं आहे. नाझी पुढाऱ्यांची भाषणं आणि त्यांची संसदेतली वागणूक यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, असं ते सांगतं. व्हर्साय मोडायचा तर लढावं लागेल. लढायचं तर सोव्हिएत रशियाशी दोस्ती हवी. आणि घरातली भांडवलशाही पाडल्याखेरीज ती दोस्ती शक्य नाही. म्हणून मी शिपाई या नात्याने लढाऊ कामगारवर्गाच्या आघाडीत दाखल होतो, असा त्याचा शेवट.

हा युक्तिवाद उलगडून पाहा. यातलं साध्य शेवटपर्यंत राष्ट्र हेच आहे. व्हर्सायला उत्तर म्हणजे युद्ध, युद्धाला मित्र म्हणजे रशिया, आणि समाजवाद ही त्या मैत्रीची किंमत. मालक-मजूर हा प्रश्न या साखळीत येतो तो शेवटच्या कडीला, तोही साधन म्हणून. मार्क्स वाचून कुणी असा कम्युनिस्ट होत नाही. शेरिंगर प्रामाणिक होता यात मला शंका नाही; आणि पक्षाने त्याला घेतलं यातही गैर काही नव्हतं. गैर झालं ते पुढे. एका प्रामाणिक माणसाचं पक्षांतर पाहून पक्षाने त्याचं धोरण केलं.

त्या धोरणाला नाव पडलं ‘शेरिंगर मार्ग’. निवेदनानंतर काहीच दिवसांनी, एप्रिलच्या आरंभी, बर्लिनच्या नाझी तुकड्यांनी वाल्टर श्टेनेसच्या नेतृत्वाखाली हिटलरविरुद्ध बंड केलं, तेव्हा तर कम्युनिस्टांना आता नाझी पक्ष आतून फुटणार याची खात्रीच पटली. जुलैपासून ‘आउफब्रुख’ हे मासिक निघू लागलं. सूत्रं किपेनबर्गरच्या यंत्रणेकडे, भाषा फौजी. त्याभोवती जमलेली माणसं मोठी रंगीत: ओबरलांड फ्रायकोरचा सरदार बेप्पो ऱ्योमर, नाझी वृत्तपत्राची संपादकी सोडून आलेला बोडो ऊझे, काउंट श्टेनबॉक-फेर्मोर. यादी वाचताना हटकून लक्षात येतं की यात सरदार आहेत, कॅप्टन आहेत, संपादक आहेत. फिटर, लेथवाला, खाणकामगार नाही. ज्याच्यासाठी हा खटाटोप तो राष्ट्रवादी मजूर कुठे होता?

त्याचं उत्तर यूर्गन फाल्टर यांच्या मतदारांवरच्या संशोधनात सापडतं. नाझींना कामगारांची मतं बरीच पडली, ‘मध्यमवर्गाचा पक्ष’ ही जुनी समजूत फाल्टर यांनी मोडीत काढली. पण बेकार झालेला कारखाना-कामगार मुख्यतः कम्युनिस्टांकडेच गेला. तो गेला भाकरीसाठी आणि व्यवस्थेवरच्या रागापोटी. व्हर्सायचा धडा वाचून गेला असं मानायला आधार दिसत नाही. दोन पक्षांमध्ये मतांची थेट ये-जाही थोडीच होती. म्हणजे जो कामगार येत होता तो जाहीरनाम्याशिवायही आला असता, आणि ज्याच्यासाठी जाहीरनामा लिहिला तो आलाच नाही.

किंमत मात्र मोजावी लागली. प्रशियातलं सोशल डेमोक्रॅट सरकार पाडण्यासाठी माजी सैनिकांच्या श्टालहेल्म संघटनेने जनमताची मागणी केली, नाझींनी पाठिंबा दिला. जर्मन पक्षनेतृत्व आधी बाजूला राहिलं होतं. कॉमिन्टर्नच्या दट्ट्याने ते सामील झालं आणि त्याला ‘लाल जनमत’ म्हणू लागलं. ९ ऑगस्ट १९३१ ला सुमारे ३७ टक्के मतदारांनी होकार दिला. ५० हवे होते. सरकार पडलं नाही, पडली ती कामगार वस्त्यांत फूट. ज्या चाळीत सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट शेजारी राहत, तिथे एक जण नाझींच्या बरोबरीने मत टाकून आला होता. ट्रॉट्स्कीचा तो लेख याच जनमतावरचा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की शत्रूची घोषणा उचलून शत्रूची माणसं मिळत नाहीत. आपल्याच माणसांना शत्रू कोण हे कळेनासं होतं. ट्रॉट्स्कीच्या सगळ्या मतांचा मी भक्त नाही, पण इथे तो तंतोतंत बरोबर होता.

नोव्हेंबर १९३२ मध्ये बर्लिनच्या ट्राम आणि बस कामगारांचा संप झाला. तासाला दोन फेनिगची वेतनकपात हे कारण. मान्यताप्राप्त युनियन बाजूला राहिली, आणि कम्युनिस्ट व नाझी संघटना एकाच फाटकावर पहाऱ्याला उभ्या राहिल्या. ६ तारखेच्या निवडणुकीत नाझींची वीस लाख मतं घटली आणि कम्युनिस्ट १०० जागांवर पोचून बर्लिनमधला सर्वांत मोठा पक्ष झाले. पक्षाला वाटलं, मार्ग बरोबर होता. पुढच्या जानेवारीत हिटलर चॅन्सेलर झाला.

त्यानंतरची जंत्री थोडक्यात सांगतो. ऱ्योमरला नाझींनी १९४४ मध्ये मारलं. पक्षनेता टेलमान त्याच वर्षी बुखेनवाल्डमध्ये मारला गेला. जाहीरनाम्याच्या धोरणातला म्होरक्या हाइन्झ नॉयमान आणि शेरिंगरचं निवेदन वाचणारा किपेनबर्गर यांना १९३७ मध्ये मॉस्कोत गोळ्या घातल्या गेल्या, त्या स्टालिनच्या हुकमाने. राडेक सोव्हिएत कैदेत मेला. तीन लेफ्टनंटांपैकी वेंट नाझी पक्षातून फुटलेल्या ओटो श्ट्रासरच्या बंडखोर गटाकडे गेला. लुडिन हिटलरकडे परतला, स्लोव्हाकियात जर्मन राजदूत झाला आणि तिथल्या ज्यूंच्या पाठवणीतल्या सहभागाबद्दल १९४७ मध्ये ब्रातिस्लाव्हात फासावर चढला. एकाच पिंजऱ्यात उभ्या असलेल्या मित्रांत एवढं अंतर पडावं हे चक्रावून टाकणारं आहे.

शेरिंगर वाचला. जुन्या लष्करी ओळखी कामी आल्या आणि तो बव्हेरियात इंगोलश्टाटजवळ शेती करत राहिला. अकरा मुलं झाली. युद्धानंतर तो उघडपणे कम्युनिस्ट म्हणून वावरला. १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या न्यायालयाने त्याला पुन्हा राजद्रोहासाठी शिक्षा सुनावली. निमित्त होतं पक्षाच्या ‘राष्ट्रीय पुनरेकीकरणाच्या कार्यक्रमा’चं. पक्ष अजून तेच सूत्र धरून होता. शेरिंगर १९८६ मध्ये वारला, शेवटपर्यंत कम्युनिस्ट.

या जर्मन पक्षाशी मराठी माणसाचा एक खराखुरा संबंध आहे. पनवेलचे डॉ. गंगाधर अधिकारी रसायनशास्त्र शिकायला बर्लिनला गेले आणि तिथेच जर्मन कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. डिसेंबर १९२८ मध्ये ते परतले, पुढच्या मार्चमध्ये मीरत खटल्यात पकडले गेले. १९३० चा जाहीरनामा निघाला तेव्हा ते बर्लिनमध्ये नव्हते, तुरुंगात होते. पण ‘राष्ट्र’ या प्रश्नाने त्यांनाही सोडलं नाही. १९४२ मध्ये राष्ट्रीयतांच्या स्वयंनिर्णयाचं सूत्र पाकिस्तानच्या मागणीला लावून दाखवणारी भारतीय पक्षाची वादग्रस्त मांडणी अधिकाऱ्यांचीच.

गिरणगावातली गोष्ट वेगळी आहे, आणि ती वेगळी का हे पाहण्यासारखं आहे. संयुक्त महाराष्ट्राची मागणी डांगे-मिरजकरांनी कुणाकडून उसनी घेतली नव्हती. ज्या कामगाराच्या संपात ते उभे राहिले त्याच कामगाराची ती मागणी होती, म्हणून १९५७ मध्ये डांगे मध्य मुंबईतून प्रचंड मतांनी निवडून आले. राष्ट्रीय भावनेला हात घालून कम्युनिस्ट जिंकू शकतात, हे गिरणगावाने दाखवलं. पण १ मे १९६० ला मागणी पूर्ण झाली आणि अस्मिता मोकळी झाली. मराठी कामगाराला त्याच्या रागाचा शत्रू कोण हे सांगण्याचं काम कम्युनिस्टांनी जेवढं सोडलं तेवढं १९६६ पासून शिवसेनेने उचललं. आणि तिने सांगितलेल्या शत्रूंत आधी दाक्षिणात्य होते, मग खुद्द कम्युनिस्ट. जून १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला. त्या जागेच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाईंचा पराभव करून वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले.

बर्लिन आणि परळ यांना एका मापाने मोजणं चूक ठरेल, पण निष्कर्ष दोन्हीकडे लागू पडतो. कामगाराला देश असतो, भाषा असते, मानापमान असतो. हे नाकारणारा डावा पक्ष पुस्तकी राहतो आणि मरतो. मात्र त्या भावनेला स्वतःचं उत्तर न देता प्रतिस्पर्ध्याचंच उत्तर अधिक जोरात ओरडून सांगणारा पक्ष त्या प्रतिस्पर्ध्याचा प्रचारक होतो, तोही बिनपगारी. १९३० च्या जाहीरनाम्याने हिटलरची मतं फोडली नाहीत. व्हर्साय हाच जर्मनीचा पहिला प्रश्न आहे, या हिटलरच्या म्हणण्यावर त्याने डाव्यांची सही तेवढी मिळवून दिली.