रविवारची गाडी : विठ्ठलवाडी-कल्याण पट्ट्यातील मोटारशौकाचा मागोवा

कल्याण आणि उल्हासनगर या दोन स्थानकांच्या मध्ये असलेल्या विठ्ठलवाडीचे दैनंदिन जीवन रेल्वेच्या वेळापत्रकाने घडवले असल्यामुळे येथील मोटारीच्या शौकाला मुंबईतील शौकापेक्षा वेगळे वळण लागले. दक्षिण मुंबईतील मोटारमालक कचेरीतही मोटारीनेच जात असे. कल्याण, विठ्ठलवाडी किंवा डोंबिवली येथील मोटारमालक मात्र आठवड्याचे सहा दिवस लोकलच्या डब्यात उभा राहत असे आणि त्याची मोटार इमारतीखाली कापडी आच्छादनात झाकलेली असे. प्रवासाची गरज लोकल भागवत असल्याने मोटार हे येथे वाहन कमी आणि सुटीच्या दिवसाचे प्रयोजन अधिक ठरले. हे प्रयोजन गेल्या साठ-सत्तर वर्षांत मोटारीच्या बॉनेटखालून घाटरस्त्यांवर कसे सरकत गेले, हे पाहणे हा या मागोव्याचा विषय आहे.

आरंभीचा काळ टंचाईचा होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून बाहेर पडणारी फियाट आणि कलकत्त्याजवळ तयार होणारी अँबॅसेडर या दोन गाड्यांपलीकडे मध्यमवर्गीय ग्राहकाला फारशी निवड नव्हती, आणि नवी गाडी मिळवण्यासाठी पैसे भरून वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबावे लागे. पन्नाशीच्या दशकातील गोलाकार फियाटला तिच्या अंगकाठीमुळे ‘डुक्कर फियाट’ हे नाव पडले आणि ते कंपनीने दिलेल्या सर्व नावांपेक्षा अधिक टिकले. त्यानंतरच्या फियाट ११०० डिलाइटचे पुढे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नामांतर झाले. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला गिअर ही तिची अंगभूत वैशिष्ट्ये मात्र दीर्घकाळ कायम राहिली.

ही गाडी मालकाकडून नियमित सेवा मागत असे, आणि रविवारच्या शौकाचे मूळ या मागणीत आहे. पेट्रोल आणि हवा यांचे योग्य प्रमाणात मिश्रण करून ते इंजिनाला पुरवणारा कार्ब्युरेटर हा संपूर्ण यांत्रिक भाग असल्याने त्याच्या बारीक छिद्रात, म्हणजे ‘जेट’मध्ये, कचरा अडकला की गाडी आचके देई. ठिणगीची वेळ साधणारे ‘पॉइंट’, म्हणजे विद्युतप्रवाह क्षणोक्षणी जोडणारे आणि तोडणारे धातूचे दोन छोटे संपर्क, वापराने जळत, आणि ते बारीक पॉलिशपेपरने घासून त्यांतील अंतर पातळ पोलादी पट्टीने, म्हणजे फिलर गेजने, मोजून पुन्हा लावावे लागे. चारांपैकी एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटेनासे झाले, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ करू लागली, तर तो दोष प्लगचा, पॉइंटचा की कार्ब्युरेटरचा, हे जाणकार मालक नुसत्या आवाजावरून ओळखत असे. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणे, प्लगवरची काजळी खरवडणे, झडपांच्या हालचालीतील सूक्ष्म फट म्हणजे टॅपेट जुळवणे, यांत सकाळ सरून जाई आणि शेवटी चाचणीसाठी मारलेली फेरी हीच त्या दिवसाची सहल ठरे. या विद्येचे ग्रंथ क्वचितच कोणी वाचले. ती गॅरेजमधील मिस्त्रीकडून मालकाकडे आणि मालकाकडून शेजारच्या मुलांकडे पाहून-पाहून गेली. ती बहुतांशी पुरुषांपुरतीच राहिली, हेही येथे नोंदवायला हवे.

सुट्या भागांचा शोध हा या शौकाचा दुसरा अर्धा भाग होता. कुर्ला-कलिना भागातील सीएसटी रोडवरील दुकाने आणि मुंबईतील चोरबाजार येथे जुन्या गाड्यांचे भाग मिळत, आणि कल्याणकडचा शौकीन तेथे अर्थातच लोकलने जाई. त्यामुळे मोटारीचा डायनॅमो किंवा सायलेन्सर वर्तमानपत्रात गुंडाळून रेल्वेच्या फळीवरून घरी येणे ही या पट्ट्यात नवलाची गोष्ट नव्हती.

या इतिहासात स्थानिक कारखान्याचाही वाटा आहे. प्रीमियरने कल्याण-शीळ रस्त्यालगत डोंबिवलीजवळ आपला दुसरा कारखाना उभारला होता आणि फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी झालेल्या भागीदारीनंतर नव्वदीच्या दशकाच्या मध्यात ‘प्यूजो ३०९’ ही गाडी येथेच तयार होऊ लागली. त्या काळातील देशी गाड्यांच्या तुलनेत तिची रस्त्यावरील पकड आणि बैठक वाखाणली गेली, परंतु कामगारसंघर्ष आणि भागीदारांतील बेबनाव यांमुळे हा प्रयोग काही वर्षांतच आटोपला. ज्या गावाच्या वेशीवर परदेशी बनावटीची मोटार तयार होत होती, त्या गावाला मोटारनगरी होण्याची संधी मिळाली होती. ती हुकली याची हळहळ जुन्या शौकिनांत आजही आहे, आणि ती अनाठायी नाही.

दरम्यान मूळ शौकाचा पायाच खचू लागला होता. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने बिघाड न होणाऱ्या मोटारीची सवय लावली, १९९३ मध्ये मोटारउद्योग परवानामुक्त झाल्यावर परदेशी कंपन्या आल्या आणि २००० नंतर उत्सर्जनाचे ‘भारत स्टेज’ निकष टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. धुरातील घातक वायूंची मर्यादा पाळण्यासाठी कार्ब्युरेटरच्या जागी संगणकनियंत्रित इंधनफवारणी आली आणि पॉलिशपेपर घेऊन बसणाऱ्या मालकाला बॉनेटखाली करण्यासारखे काही उरले नाही. हवा स्वच्छ होण्याच्या दृष्टीने हा बदल आवश्यकच होता. त्याची किंमत एका घरगुती कारागिरीने मोजली, इतकेच.

रिकाम्या झालेल्या हातांनी मग बाह्यसजावट धरली. मिश्रधातूची चाके, रुंद टायर, दणदणीत संगीतयंत्रणा, काळ्या फिल्म आणि पुढचे लोखंडी गार्ड यांची ही लाट दीर्घकाळ टिकली आणि तिच्यातील बराच भाग एकेक करून कायद्याच्या कचाट्यात सापडला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचांवरील काळ्या फिल्मना मनाई केली, केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये क्रॅशगार्डविरुद्ध कारवाईचे निर्देश दिले आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट करताना उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येणार नाही, असे सांगितले. आवाज आणि झगमगाट यांना शौक समजणाऱ्यांवर हा अंकुश बसणे योग्यच होते.

शौकाचे तिसरे पर्व रस्त्याचे आहे. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने पहाटे निघून लोणावळ्यात न्याहारी करण्याची प्रथा रूढ केली. पुढे केंद्रापाठोपाठ राज्य सरकारनेही २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू केल्याने शनिवारही नोकरदारांच्या हाती आला. डोंबिवली-अंबरनाथच्या औद्योगिक पट्ट्यात मात्र अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी शुक्रवारी असते, त्यामुळे तेथील शौकिनाचा रविवार शुक्रवारीच उगवतो. कल्याण-मुरबाडवरून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता हा या भागाचा हक्काचा सुटीमार्ग आहे. पावसाळ्यात तेथे इतकी गर्दी लोटते की धबधब्यांच्या परिसरात प्रशासनाला मनाईआदेश काढावे लागतात. ज्यांना डांबराचेही बंधन नको असते, ते चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या, म्हणजे फोर-व्हील-ड्राइव्ह, गाड्या घेऊन चिखलात उतरतात. महिंद्रने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली, त्या जीपचा वारसा सांगणारी ‘थार’ २०१० मध्ये आणि नव्या रूपात २०२० मध्ये बाजारात आली, आणि अशा गाड्या चालवण्याचे प्रशिक्षण देणारे महिंद्रचे केंद्र कसाऱ्याच्या घाटापलीकडे इगतपुरीलाच असल्याने कल्याणच्या शौकिनाला ते तुलनेने जवळ पडते.

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाल्यामुळे ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, आणि भिवंडी तालुक्यातील आमणे हे त्याचे टोक असल्याने नागपूरपर्यंतचा अखंड रस्ता या पट्ट्याच्या अगदी दारात आला. गंमत अशी की या महामार्गाने शेकडो किलोमीटर दूरचा विदर्भ जवळ आणला असला, तरी घरापासून त्याच्या तोंडापर्यंतचे शहरी अंतर अजूनही शौकिनाच्या संयमाची परीक्षा पाहते. कल्याणचा शंभर वर्षांहून जुना पत्रीपूल २०१८ मध्ये पाडल्यानंतर नवा पूल जानेवारी २०२१ मध्ये खुला होईपर्यंत ही परीक्षा किती कठीण होती, हे स्थानिकांना सांगावे लागत नाही. गिअर न बदलता तासन्‌तास एकाच वेगाने जाण्यात चालकाचे कौशल्य कितपत लागते, हा प्रश्नही विचारण्याजोगा आहे. माळशेजचे एक वळण या बाबतीत सरळ रस्त्याच्या शंभर किलोमीटरपेक्षा अधिक शिकवते.

ज्या पद्मिनीने या शौकाला जन्म दिला, तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून तिच्या अखेरच्या टॅक्सीनेही निरोप घेतला. काही घरांत ती अजून जपलेली आहे, मात्र तिचा कायदेशीर दर्जा अवघडलेला आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी वाहनालाच ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ या अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळते, आणि तीही प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच. दुसरीकडे पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले. परिणामी १९७४ ची पद्मिनी वारसा ठरण्यास पात्र झाली असली, तरी तिची नव्वदीतील धाकटी भावंडे भंगार आणि वारसा यांच्यामध्ये लटकलेली आहेत, आणि २००० साली कल्याणमध्ये नोंदलेल्या पद्मिनीला ‘व्हिंटेज’ म्हणवून घेण्यासाठी २०५० साल उजाडावे लागेल.