मास्कची भीती आणि झोपेतला श्वास



या मालेच्या फलकावर आमचे नाव लागले तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, "अहो, घोरण्यावर तासभर बोलणार तरी काय?" घोरण्यावरही पुष्कळ बोलता येईल, पण आज आम्ही बोलणार आहोत ते त्याच्या पुढच्या पायरीविषयी. तपासणी झाली, निदान झाले, पैसे मोजून यंत्र घरी आले, आणि तरीही ते नाकाला लावण्याची छाती होत नाही, अशी पुष्कळ माणसे या गावात आहेत. आम्ही त्यांतलेच होतो. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार वैद्याचा नसून भित्र्याचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पहिल्या रात्री आम्ही मास्क लावला तो अवघी अकरा मिनिटे. बाराव्या मिनिटाला पट्टे ओरबाडून काढले, खिडकीपाशी जाऊन उभे राहिलो आणि सकाळी यंत्र पिशवीसकट कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिले. तेथे ते तीन महिने होते. चौथ्या महिन्यात एका चौकात लाल दिव्यापाशी स्कूटर थांबवली असता आमचा डोळा लागला. भर दुपारी, हँडल हातात धरून! पाय घसरला, गाडी कलंडली, आणि मागून येणाऱ्या बसच्या चालकाने वेळेवर ब्रेक लावला म्हणून आज आपल्यापुढे उभे आहोत. त्या संध्याकाळी सौभाग्यवतींनी काही न बोलता स्टूल घेतले आणि फळीवरची पिशवी खाली काढली.

आता हा विकार काय आहे ते पाहू. जागेपणी आपल्या घशाभोवतीचे स्नायू श्वासाची वाट ताणून धरीत असतात. झोप लागली की सारेच स्नायू सैलावतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद, जीभ किंवा पडजीभ मोठी, मान जाड, त्यांच्या घशाच्या मऊ भिंती श्वास आत ओढताना एकमेकींना चिकटतात. शहाळ्यात हल्ली कागदी नळी देतात. ती भिजली आणि आपण जोराने ओढले की चपटी होते, आणि जितके जोराने ओढावे तितकी अधिक चपटी होते. घशाचेही असेच होते. छाती ओढते आहे, पण वारा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, स्नायू ताठ होतात, एक मोठा घोरका येतो आणि पुन्हा झोप. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक थांबला तर तो मोजतात. तासाला पाचापर्यंत असे प्रकार झाले तर डॉक्टर विशेष मानीत नाहीत; तीसच्या वर गेले की विकार तीव्र म्हणतात. आमचा आकडा ४२ होता. सात तासांच्या झोपेचा हिशेब आपणच करा. जवळजवळ ३०० वेळा आमचा गळा दाबला जात होता, आणि सकाळी आम्ही "छान झोप लागली" असे सांगत चहा घेत होतो.

माणूस घाबरतो तो मास्कने गुदमरू म्हणून. परंतु ज्या रात्री तो मास्कशिवाय निजतो, त्याच रात्री तो खरोखर गुदमरत असतो. फरक एवढाच की ते गुदमरणे झोपेत घडते, म्हणून त्याची आठवण राहत नाही. आणि मास्कची अस्वस्थता जागेपणी जाणवते, म्हणून ती खरी वाटते. हा युक्तिवाद आम्हांला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी ऐकवला होता. तो आम्हांला पटलाही होता. आणि तरी बाराव्या मिनिटाला आम्ही पट्टे ओरबाडले! युक्तिवाद डोक्याला पटतो. भीती छातीत असते, आणि छातीला तर्कशास्त्र शिकवलेले नसते.

या उपचाराची जन्मकथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. १९८० पर्यंत या विकाराच्या तीव्र रोग्याला खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला समोरून भोक पाडून तेथून श्वास घेऊ देणे. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांपुढे असाच एक रोगी आला; गळा चिरून घ्यायला तो तयार नव्हता. सलिव्हन यांनी कचरा ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेतली, वारा ओढण्याऐवजी फुंकेल अशी ती जोडली आणि नाकावाटे सौम्य दाबाने हवा घशात सोडली. रोग्याचा श्वास अडकणे थांबले. १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रोग्यांवरील हा अनुभव प्रसिद्ध झाला. त्या आरंभीच्या रोग्यांच्या नाकाशी हवा निसटू नये म्हणून सिलिकोनचा लेप देऊन सारे चिकटवून टाकावे लागे, आणि सकाळी सोडवावे लागे. आम्हांला आमच्या मऊ गादीच्या मास्कचा राग आला की आम्ही त्या माणसांची आठवण करतो.

यंत्र घशात हवा कोंबते, ही समजूत मात्र काढून टाकली पाहिजे. त्याचा दाब सामान्यतः ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका असतो. आपल्या अंगावर वातावरणाचा जो दाब रात्रंदिवस आहे तो सुमारे हजार सेंटिमीटर पाण्याइतका. म्हणजे यंत्र त्यात शेकडा एक-दोनाचीच भर घालते. त्या भरीने भिंती चिकटत नाहीत, एवढेच तिचे काम. श्वास घ्यायचा तो आपणच घ्यायचा असतो.

दुसरी शंका उच्छ्वासाची. सोडलेली हवा त्याच मास्कमध्ये कोंडत असेल, असे प्रत्येकाला वाटते. मास्क हातात घेऊन निरखून पाहावा. त्याला बारीक छिद्रे असतात. यंत्र चालू असताना त्यांतून हवा सतत बाहेर जात असते आणि आपला उच्छ्वास तिच्याबरोबर निघून जातो. काही मंडळी ही छिद्रे गळकी समजून बोटाने किंवा उशीने झाकतात. तसे करू नये.

आणि आपल्याकडची तिसरी शंका, "वीज गेली तर?" तोंड-नाक दोन्ही झाकणाऱ्या मास्कला एक झडप असते, वारा थांबला की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. नुसत्या नाकावरच्या मास्कमध्ये तोंड मोकळेच असते. आमच्याकडे एका पावसाळी रात्री वीज गेली, तेव्हा आम्ही जागे झालो, मास्क काढला, पंख्याला शिव्या दिल्या आणि पडून राहिलो. याहून अधिक काही घडले नाही.

तरीही भीती उरते. तिचा उपाय मानसशास्त्राने फार पूर्वी दाखवून ठेवला आहे. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंनी १९२४ साली पीटर नावाच्या एका लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मूल तीन वर्षांच्या आतबाहेरचे; सशाला पाहून किंचाळत असे. बाईंनी त्याला सशाचे गुणवर्णन ऐकवले नाही. पोराला आवडीचा खाऊ दिला आणि ससा पिंजऱ्यात, दूर ठेवला. दर वेळी पोराला सहन होईल इतकाच तो जवळ आणला. अखेर पीटर सशाला कुरवाळू लागला.

आम्ही आमचा ससा असाच जवळ आणला. रात्र हा त्याला काळच नव्हे. दिवसा, खुर्चीत बसून. पहिले दोन दिवस यंत्र बंद ठेवून मास्क नुसता हाताने नाकाशी धरायचा, पट्टे लावायचे नाहीत. हात आपलाच, तेव्हा केव्हाही दूर करता येतो. या एका गोष्टीने निम्मी धास्ती जाते. मग यंत्र चालू करून तसाच धरायचा. नाकात वारा शिरल्यावर प्रथम उच्छ्वास जड जातो. त्या वेळी फुंकून वाऱ्याशी झुंजू नये, छाती सैल सोडून श्वास आपोआप जाऊ द्यावा. तोंड मिटलेले ठेवावे. आम्ही पहिल्याच दिवशी "जमले!" म्हणून ओरडायला गेलो, तो नाकातला वारा तोंडावाटे भसकन बाहेर आला आणि शब्द जागीच विरला. मग पट्टे लावून दहा मिनिटे, वीस मिनिटे, क्रिकेटचे एखादे सत्र. मन दुसरीकडे हवे. घड्याळाकडे पाहत बसले की भीती मिनिटे मोजते. त्यानंतर दुपारची वामकुक्षी, आणि मग रात्र. याला आम्हांला सतरा दिवस लागले. कोणाला चार लागतील, कोणाला दोन महिने.

यात एक बारकावा आहे, आणि तो आम्हांला फार उशिरा कळला. घाबरून, छाती धडधडत असताना मास्क ओरबाडला की जी सुटका वाटते, तीच भीतीला खतपाणी घालते. शरीर म्हणते, काढला म्हणून वाचलो. आणि दुसऱ्या दिवशी ते अधिक लवकर घाबरते. म्हणून सुरुवातीला मुदत लहान ठेवावी, आणि मास्क काढायचा तो शांत असताना, आपल्या मर्जीने. मध्येच अस्वस्थ वाटले तर सावकाश पाच-सहा श्वास मोजावेत, लाट उतरू द्यावी आणि मग काढावा. पाच मिनिटे शांतपणे लावलेला मास्क तासभर दात खाऊन सोसलेल्यापेक्षा अधिक शिकवतो. २०२० नंतरच्या साथीत ज्यांनी रुग्णालयात घट्ट मास्क लावून दिवस काढले, त्यांच्या छातीत तर ती आठवण दबा धरून बसलेली असू शकते. अशांनी आपल्या डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावे. यात लाजण्यासारखे काही नाही. झोपेच्या गोळीचा आडमार्ग मात्र कोणी आपल्या मनाने धरू नये. काही गोळ्यांनी घसा अधिकच सैलावतो, आणि मद्याने तर निश्चितच.

लाजेचाही या प्रकरणात मोठा भाग असतो. आमचा नातू दारात येऊन उभा राहिला, नळीकडे पाहिले आणि हाकाटी केली, "आजी, आजोबांचा गणपती झाला!" घर हसले, आम्ही हसलो. मास्कमध्ये हसता येते, हा शोध आम्हांला त्या दिवशी लागला.

बाकीच्या तक्रारी भीतीच्या नाहीत, मापाच्या आहेत. पण त्या भीतीच्या नावावर खपतात. हवा डोळ्यांत येते म्हणून माणूस पट्टे आवळतो. आवळल्याने गादी चुरगळते, हवा आणखी निसटते, नाकावर व्रण उठतो. पट्टे सैल करून, आडवे पडून, यंत्र चालू असताना मास्क बसवावा. दाढीमिशांतून हवा निसटते. आमच्या मिशा आम्ही कातरल्या, कापल्या नाहीत. घसा कोरडा पडत असेल तर यंत्राची पाण्याची डबी वापरावी, तीत डिस्टिल्ड पाणी घालावे आणि ते रोज बदलावे. नाक चोंदत असेल तर आधी नाकाचा उपचार. आरंभीचा दाब कमी ठेवून तो हळूहळू चढवण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. ती चालू आहे ना, हे विचारून घ्यावे. सारा चेहरा झाकणारा मास्क सोसवत नसेल तर नाकपुड्यांच्या तोंडाशी नुसत्या टेकणाऱ्या दोन मऊ बोंड्यांचाही मास्क मिळतो. आम्हांला दुकानदाराने पहिल्याने जो दिला तो एक आकार मोठा होता, आणि तीन महिने आम्ही स्वतःला भित्रा म्हणत राहिलो!

अर्धी रात्र मास्क लावून पहाटे तीनला काढून ठेवणारेही पुष्कळ आहेत. नसण्यापेक्षा ते बरे. परंतु स्वप्नांची झोप बहुतेक रात्रीच्या उत्तरार्धात येते, स्नायू सर्वांत सैल असतात ते त्या वेळी, आणि पुष्कळांचा श्वास सर्वाधिक अडकतो तोही तेव्हाच. पहारेकऱ्याला नेमक्या चोरीच्या वेळी घरी पाठवण्यासारखे ते आहे. रात्री जाग येऊन मास्क निघालेला आढळला तर स्वतःला दोष न देता पुन्हा लावावा, आणि झोपावे.

हे यंत्र सर्वांसाठी एकमेव नव्हे. वजन उतरवणे, कुशीवर निजणे, खालचा जबडा पुढे धरणारे दातांचे साधन, काहींना शस्त्रक्रिया, असे दुसरेही मार्ग आहेत. कोणाला कोणता, हे तपासणीनंतर डॉक्टरांनी सांगायचे. आणि घोरणारा प्रत्येक मनुष्य या विकाराचा रोगीच असतो असेही नाही.

आमचे घोरणे थांबले त्याचा पहिला त्रास सौभाग्यवतींना झाला. तीस वर्षे तो आवाज ऐकत निजण्याची सवय. खोली शांत झाली की त्या दचकून उठत आणि अंधारात मास्कच्या छिद्रांशी तळवा धरून पाहत. वारा हाताला लागला की पुन्हा निजत. आठ-दहा दिवस हे चालले. आम्हांला त्याचा पत्ताही नव्हता. एक दिवस चहाच्या वेळी त्यांनी सहज सांगितले.

यंत्र येथे टेबलावर मांडून ठेवले आहे, आणि शेजारी एक नवा, कोणी न वापरलेला मास्क. तो तोंडाला लावू नये. परंतु व्याख्यान संपल्यावर ज्यांना इच्छा असेल त्यांनी जवळ येऊन नळीच्या तोंडाशी हात धरून तो वारा केवढा आहे ते पाहावे, आणि मास्कची छिद्रे मोजावीत.