जुन्या घराची दर्शनी बाजू

मंडळी, घरात लग्नकार्य निघाले किंवा दिवाळी तोंडावर आली, की आपले लक्ष घराच्या दर्शनी भिंतीकडे जाते. खालच्या दोन-तीन हातांत लोणा लागलेला असतो, वर पोपडे सुटलेले असतात, दाराचा रंग उडालेला असतो. मग गवंड्याला बोलावणे जाते. सिमेंटचा जाड गिलावा चढतो, त्यावर चकचकीत रंग बसतो आणि घर नव्यासारखे दिसू लागते. पण काही पावसाळे गेले, की त्याच जागी गिलावा फुगतो आणि सुटून येतो. पैसा तर जातोच, शिवाय आतली भिंत पूर्वीपेक्षा अधिक भिजलेली निघते. असे का होते, आणि जुन्या घराचे रूप टिकेल असे कसे सुधारावे, ते आज पाहू.

आपली जुनी घरे कशाची आहेत? देशावर दगडमातीची किंवा पांढऱ्या मातीची, कोकणात जांभ्या दगडाची, आणि मोठे वाडे असतील तर विटा व चुन्याची. सिमेंट त्यांत नाहीच. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडात १८२४ साली घेतले गेले. आपल्याकडे पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट निघू लागले ते १९१४ साली, आणि खेड्यापर्यंत पोचायला त्याला आणखी बरीच वर्षे लागली. म्हणून जुन्या घराची भिंत ही माती आणि चुना यांच्या स्वभावाची आहे. ती पाणी पिते, आणि ऊन-वारा लागला की ते सोडूनही देते.

जमिनीतली ओल भिंतीत चढते कशी? समईची वात तेल वर ओढते ना, अगदी तशीच. हे पाणी मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यातून वाफ होऊन निघून जाते. बाहेरून सिमेंटचा घट्ट थर दिला, की ही वाट अडते. खालून पाणी येतच राहते. त्याच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्याच्या पाठीमागे साचतात आणि त्याला बाहेर ढकलतात. भिजलेल्या मातीचे बळ जाते, भिंतीतले लाकडी खांब कुजतात, आणि बाहेरून मात्र काही दिसत नाही. भर पावसात एखादी जुनी भिंत एकाएकी बसते, तेव्हा पुष्कळदा अशी आत मुरलेली ओल त्याला कारण असते.

तेव्हा पहिले काम पाण्याचे. फुटकी कौले बदला. वळचणीच्या पागोळ्या जोत्याशी पडून चिखल भिंतीवर उडत असेल, तर पन्हळ लावा. अंगणाचा उतार घराकडून बाहेर काढा. आणखी एक गोष्ट नीट बघा. गावातला रस्ता खडी-डांबराचे किंवा काँक्रीटचे थर घेत घेत वर येतो आणि घराचे जोते खाली जाते. मग रस्त्याचे पाणी ओट्याला लागते. अशा ठिकाणी भिंतीलगतची भर खणून जोते मोकळे करावे आणि पाणी गटारात काढून द्यावे. जोत्याचे घडीव दगड पुन्हा दिसू लागले, की घराचे निम्मे रूप तेवढ्यानेच परत येते.

दुसरे काम भिंत तपासण्याचे. ओळंबा लावून बघा. भिंत कलली आहे का? मध्ये पोट सुटले आहे का? कोपऱ्यात उभी भेग आहे का? असेल तर गिलाव्याने ती झाकू नका. जाणत्या इंजिनिअरला दाखवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. तिथल्या कित्येक भिंती जाडजूड होत्या. पण त्यांचे आतले आणि बाहेरचे असे दोन थर नुसत्या मातीत रचलेले होते, आणि दोहोंना बांधणारे आरपार दगड क्वचितच होते. धक्क्यासरशी थर फाकले आणि माळवदाची जड माती खाली आली. बाहेरचा गुळगुळीतपणा अशा वेळी कामास येत नाही. माळवदाचे घर असेल, तर दरवर्षी मातीवर माती चढवू नये; जाणत्याच्या सल्ल्याने जास्तीची माती उतरवावी.

तिसरे काम गिलाव्याचे. दिवाळीनंतर सुटलेला गिलावा हलक्या हाताने काढा. लोणा कोरड्या ब्रशाने झाडा, पाण्याने धुऊ नका. क्षार पाण्याबरोबर पुन्हा आत जातात. हिवाळाभर भिंत वाळू द्या आणि माघ-फाल्गुनात नवे काम करा. मातीच्या भिंतीला मातीचाच गिलावा बरा. मातीत भुसा कालवून ती काही दिवस भिजत ठेवावी आणि चांगली तुडवून मगच लावावी. विटा-चुन्याच्या भिंतीला एक भाग मुरलेला चुना आणि तीन भाग चाळलेली वाळू, असा गिलावा दोन थरांत द्यावा. ओले गोणपाट लावून तो आठवडाभर तरी दमट ठेवावा. घडीव दगडाच्या भिंतीला गिलावा नकोच. नुसत्या दरजा चुन्याने भराव्यात.

चुना घट्ट होतो म्हणजे काय, हे शिक्षकांना वर्गात सहज दाखवता येईल. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. त्यात पाणी घातले की तो उकळून विरतो. विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते. तीच क्रिया भिंतीवर चालते. मुलांना फक्त फुंकायला सांगावे, ओढायला नव्हे.

शेवटचे काम रंगाचे. एक किलो कळीच्या चुन्याला सुमारे पाच लिटर पाणी घ्यावे. चुना एक दिवस विरू द्यावा, जाड फडक्याने गाळावा आणि थोडा डिंक घालावा. भिंत आधी शिंपून पातळ हात तीन द्यावेत. पिवडी किंवा गेरू घातला तर रंगही साधतो. चुना विरताना डोळ्यांत उडाला तर डोळा जातो, म्हणून तो लोखंडी पिंपात विरवावा आणि मुलांना दूर ठेवावे.

सागवानी दाराचा जुना तेलरंग कोरडा खरवडू नये. त्यात शिसे असू शकते, आणि त्याची धूळ मुलांना फार बाधते. लाकूड ओले करून घासावे, वाळल्यावर जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप पेटतात. पाण्यात बुडवाव्यात किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

चुन्याचा हात दोन-चार वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, हे खरे. पण तो घरच्या घरी देता येतो, आणि त्या निमित्ताने भिंतीवर आपली नजर फिरते. कुठे ओल आली, कुठे भेग पडली, ते वेळेवर कळते. तेव्हा मंडळी, यंदा घर सजवायला काढाल, तेव्हा रंगाच्या दुकानात जाण्याआधी एकदा भर पावसात घराभोवती फेरी मारा, आणि पाणी कुठून येते व कुठे जाते ते बघा. कामाची यादी तिथूनच सुरू होईल.